वेबपानाची नोंद कशी करावी : डब्लिन कोअर, विषयसंज्ञा आणि मराठीतले काही सापळे

इतिहास मंडळ, गिर्यारोहण संस्था, सार्वजनिक वाचनालय, महाविद्यालय, कुणाचेही संकेतस्थळ घ्या. पाने दोनशे-तीनशेच्या घरात गेली की घोळ सुरू होतो. शोधचौकटीत ‘रायगड’ टाकले की किल्ल्याचा इतिहास, जिल्ह्यातल्या भातशेतीवरचा लेख, गेल्या वर्षीच्या सहलीची सूचना असे सगळे एकाच ढिगात समोर येते. आणि नेमके हवे असलेले पान येत नाही, कारण त्याच्या लेखकाने सगळीकडे ‘रायरी’ हे किल्ल्याचे जुने नाव लिहिलेले असते. पान कशाबद्दल आहे, कुणी लिहिले, कधीचे आहे, कोणत्या भाषेत आहे, हे यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक रकान्यांत लिहून ठेवणे हा यावरचा उपाय. त्या रकान्यांना मेटाडेटा म्हणतात आणि रकाने कोणते असावेत याच्या ठरलेल्या यादीला मेटाडेटा मानक.

पुढचा लेख संकेतस्थळ सांभाळणाऱ्या, पण ग्रंथालयशास्त्र न शिकलेल्या माणसासाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवले आहे : रायगड किल्ल्यावरचे एक मराठी पान.

नोंद नेमकी कशाची?

रकाने भरण्याआधी हा प्रश्न सोडवा. पानावर लेख आहे, लेखात चार छायाचित्रे आहेत, खाली एका जुन्या पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ जोडली आहे. या एकूण सहा वस्तू झाल्या आणि प्रत्येकीचा निर्माता, दिनांक, हक्क वेगळा असू शकतो. सगळे एका नोंदीत कोंबले की छायाचित्रकाराचे नाव लेखक म्हणून छापले जाते आणि १९२५ सालच्या पुस्तकाला २०२४ चा दिनांक चिकटतो. नियम सोपा आहे : एका वस्तूची एक नोंद, आणि नोंदीत त्याच वस्तूची माहिती. स्कॅनच्या नोंदीत दिनांक स्कॅनचा. मूळ पुस्तकाचे वर्ष ‘स्रोत’ या रकान्यात.

प्रत्येक छायाचित्राची वेगळी नोंद करायची का? लहान संस्थेने करू नये, वेळ पुरत नाही. लेख आणि पीडीएफ यांच्या नोंदी करा, छायाचित्रांना नीट मथळा आणि श्रेय द्या, एवढे पुरते. ‘संपर्क’, ‘देणगी’, ‘आमच्याविषयी’ या पानांना शीर्षक आणि वर्णनापलीकडे काहीही लागत नाही.

पंधरा घटक, त्यातले आठ पक्के धरा

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि वेबवरच्या कोणत्याही वस्तूचे वर्णन करता येईल असे थोडके घटक ठरवायला त्यांनी सुरुवात केली. पुढे या संचाची पंधरा घटकांवर निश्चिती झाली. तोच डब्लिन कोअर. आयएसओ १५८३६ या क्रमांकाने तो आंतरराष्ट्रीय मानकही आहे. घटक असे : शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहभागी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळख, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती, हक्क. यातला एकही सक्तीचा नाही, प्रत्येक घटक कितीही वेळा वापरता येतो आणि क्रमाला महत्त्व नाही.

ही मोकळीक नवख्याला गोत्यात आणते. पहिल्या दिवशी उत्साहात पंधराही रकाने भरले जातात, विसाव्या पानापर्यंत उत्साह ओसरतो आणि अर्ध्या नोंदी अपुऱ्या राहतात. म्हणून शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, दिनांक, भाषा, ओळख, हक्क हे आठ घटक (‘संपर्क’सारखी पाने सोडून) सगळ्या पानांना सक्तीचे करा आणि उरलेले गरजेप्रमाणे वापरा.

शीर्षक पानावर दिसते तेच घ्या. ‘स्वागत आहे’ किंवा ‘नवीन पान १’ अशी शीर्षके असतील तर आधी पानच दुरुस्त करा. संस्थेचे नाव शीर्षकात घुसडू नका, त्यासाठी प्रकाशकाचा रकाना आहे.

निर्मात्याच्या रकान्यात नाव एकाच पद्धतीने लिहायचे. इतिहासाच्या संकेतस्थळावर ‘वि. का. राजवाडे’, ‘विश्वनाथ काशिनाथ राजवाडे’, ‘इतिहासाचार्य राजवाडे’ ही तीन रूपे हमखास आढळतात आणि यंत्राच्या लेखी ती तीन माणसे असतात. ग्रंथालयी पद्धतीने ‘राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ, १८६३–१९२६’ असे रूप ठरवले की प्रश्न मिटतो. जन्म-मृत्यूची वर्षे सारख्या नावाच्या दोन व्यक्ती वेगळ्या ठेवायला उपयोगी पडतात. पदव्या आणि आदरार्थी विशेषणे मजकुरात ठेवा, या रकान्यात नकोत. लेखक संस्थाच असेल तर संस्थेचे नोंदणीकृत नाव पूर्ण लिहा.

वर्णन दोन-तीन वाक्यांचे. शोधयंत्रे बहुतेकदा त्यातला सुरुवातीचा भागच दाखवतात, म्हणून महत्त्वाचे ते पहिल्या शंभर-सव्वाशे अक्षरांत आणा. ‘या पानावर आपणांस रायगडाविषयी सविस्तर माहिती मिळेल’ हे वाक्य कुठल्याही किल्ल्याच्या पानावर चालेल, म्हणजेच निरुपयोगी आहे. त्याऐवजी : ‘रायगड किल्ल्याचा १६७४ नंतरचा इतिहास, गडावरील वास्तूंची यादी, पाचाडहून पायवाट व रोपवेने जाण्याची माहिती.’ वाचणाऱ्याला पान उघडायचे की नाही ते यावरून कळते.

दिनांकात चुका फार होतात. रूप एकच : आधी वर्ष चार आकडी, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा, आणि आकडे इंग्रजी. पानाच्या मजकुरात देवनागरी आकडे खुशाल वापरा, पण दिनांकाच्या रकान्यात ते गेले की बहुतेक प्रणाली तो दिनांक मानतच नाहीत आणि कालक्रमाच्या यादीतून पान गायब होते. ‘६/५/२०२३’ म्हणजे सहा मे की पाच जून, हा वादही या रूपात उरत नाही. महिना-दिवस माहीत नसेल तर नुसते वर्ष लिहा; अंदाजाने १ जानेवारी टाकू नका, पुढे तो अंदाज होता हे कुणालाच कळत नाही.

पान प्रसिद्ध झाल्याचा दिनांक आणि पानात वर्णिलेल्या घटनेचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याभिषेकाचे १६७४ हे वर्ष व्याप्तीच्या, म्हणजे पान कोणत्या काळाबद्दल आणि स्थळाबद्दल आहे ते सांगणाऱ्या, रकान्यात जाते. तिथेही एक मेख आहे. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती तारीख जुन्या जुलियन पंचांगातली. दिनांकाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८६०१, ग्रेगोरियन पंचांग धरून चालते आणि त्या हिशेबाने तो दिवस १६ जून येतो. मराठेशाहीतल्या तारखा यंत्रवाचनीय रकान्यात घालताना नुसते वर्ष लिहावे आणि शकातली तिथी वर्णनात द्यावी, हे सर्वांत सुरक्षित.

भाषेसाठी संकेत ठरलेले आहेत. मराठीचा दोन अक्षरी संकेत ‘एमआर’, ग्रंथालयी नोंदींतला तीन अक्षरी ‘एमएआर’; वेबपानात दोन अक्षरी वापरा, रोमन लिपीत, लहान अक्षरांत. गाड्यांच्या पाटीवर बघून ‘एमएच’ टाकणारे लोक आहेत, पण भाषासंकेतांत एमएच म्हणजे प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची मार्शलीज भाषा. हा संकेत नोंदीत आणि पानाच्या एचटीएमएल टॅगच्या लँग गुणधर्मात, दोन्हीकडे हवा. त्यावरून अंधांसाठीचे स्क्रीन रीडर उच्चार निवडतात, ब्राउझर भाषांतर सुचवायचे की नाही ते ठरवतो, आणि ज्या फाँटांत सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दिसतात. तयार थीममध्ये हा गुणधर्म इंग्रजीवर राहून गेलेला असतो, तेवढे पाहून घ्या.

ओळख म्हणजे पानाचा कायमचा पत्ता. तो मराठीत ठेवता येतो, पण देवनागरीचे एकेक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरे खाते. नुसता ‘रायगड’ कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवला की पंचेचाळीस अक्षरांची टक्क्यांची माळ होते. पत्ता रोमन लिपीत लहान ठेवलेला बरा.

हक्काच्या रकान्यात ‘सर्व हक्क राखीव’ किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, त्याच्या पत्त्यासह. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, हे जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ चढवण्याआधी तपासा.

उरलेल्यांपैकी ‘प्रकार’ आणि ‘स्वरूप’ यांत गल्लत होते. प्रकार म्हणजे वस्तू काय आहे (मजकूर, स्थिरचित्र, ध्वनी, माहितीसंच), स्वरूप म्हणजे फाइल कशी आहे (एचटीएमएल, पीडीएफ, जेपेग). बाकीचे घटक लागतील तेव्हा वापरा.

विषयसंज्ञा

विषयसंज्ञा म्हणजे पान कशाबद्दल आहे ते सांगणारा ठरवून दिलेला शब्द, ‘विषय’ या रकान्यात भरायचा. खरी मेहनत इथे आहे. बाकीचे रकाने पान बघून भरता येतात, विषयाला विचार करावा लागतो.

पहिली पायरी : पान वाचा आणि ‘हे पान अमुकबद्दल आहे’ असे एक पूर्ण वाक्य लिहा. आपल्या उदाहरणात : ‘हे पान शिवकाळातील राजधानी रायगड या डोंगरी किल्ल्याच्या वास्तू, इतिहास आणि आजच्या पर्यटनाबद्दल आहे.’ वाक्य जमत नसेल तर पानाचेच दोन तुकडे करायची गरज असते.

दुसरी पायरी : वाक्याची फोड करा. ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणातले पाच प्रश्न इथे आजही चपखल बसतात : मुख्य वस्तू कोणती, ती कशाची बनली आहे, तिच्यावर कोणती क्रिया, कुठे, केव्हा. रायगड किल्ला, दगडी वास्तू, पर्यटन, महाड तालुका, सतरावे शतक. पाचही प्रश्नांना उत्तर असलेच पाहिजे असे नाही. भातावरील करपा रोगाच्या पानाला काळ लागत नाही. पण प्रश्न विचारल्यामुळे ‘कुठे’ विसरत नाही, आणि मराठी संकेतस्थळांवर सर्वांत जास्त विसरले जाते ते हेच.

तिसरी पायरी : उरलेल्या कल्पनांतून निवड. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकाकारांसाठी (पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्यांसाठी) एक मापदंड आहे : जो विषय पुस्तकाचा किमान वीस टक्के भाग व्यापतो त्यालाच विषयशीर्षक द्यावे. वेबपानालाही तो लागू पडतो. एका परिच्छेदात हिरकणी बुरुजाची गोष्ट आली म्हणून हिरकणी ही विषयसंज्ञा होत नाही. मजकुराचा शोध ती गोष्ट काढून देईलच. पानामागे तीन ते सहा संज्ञा पुरतात. पंधरा-वीस दिल्या की प्रत्येक संज्ञेखाली नको ती पाने गोळा होतात आणि संज्ञा देण्याचा हेतूच बुडतो.

चौथी पायरी : जितका विषय नेमका, तितकी संज्ञा नेमकी. रायगडाच्या पानाला ‘रायगड (किल्ला)’ द्या. ‘किल्ले’, ‘इतिहास’, ‘महाराष्ट्र’ देऊ नका. दोनशेपैकी दीडशे पानांना ‘महाराष्ट्र’ असेल तर त्या संज्ञेवर टिचकी मारणाऱ्याच्या हाती काय लागणार? ‘माहिती’, ‘लेख’, ‘फोटो’ यांचीही हीच गत. छायाचित्र हा प्रकार आहे. छायाचित्रणकलेवरच पान असेल तरच तो विषय.

पाचवी पायरी : संज्ञा मनाने न लिहिता यादीतून उचला. यादी कुठून आणायची?

तयार याद्या भरपूर आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके १८९८ पासून वाढत आली असून ऑनलाइन मोफत पाहता येतात. त्यांत किल्ल्यांच्या पुस्तकाला ‘फॉर्टिफिकेशन—इंडिया—महाराष्ट्र’ अशी साखळी मिळते. शेतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ॲग्रोव्हॉक हा बहुभाषी थिसॉरस (संज्ञा आणि त्यांची एकमेकींशी नाती देणारा कोश), शिक्षण-संस्कृतीसाठी युनेस्कोचा थिसॉरस, कला-वास्तूसाठी गेटी संस्थेच्या याद्या. नोंदी जगभरच्या ग्रंथालयांना द्यायच्या असतील तर यांतली एक निवडावी लागेलच. पण रोजच्या मराठी वाचकासाठी त्या अपुऱ्या पडतात : पोवाडा, बखर, वतन, बलुतेदारी, मोडी यांसाठी लागणारा बारकावा त्यांत फारसा नाही, आणि मराठी रूपे तर आपल्यालाच ठरवायची.

म्हणून आमचे मत असे : स्वतःची छोटी मराठी यादी करा आणि प्रत्येक संज्ञेला शक्य तिथे विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड-प्रकल्पातला क्रमांक जोडा. विकिडेटात प्रत्येक वस्तूला क्यू अक्षराने सुरू होणारा कायमचा क्रमांक असतो. मराठी भाषेचा क्यू १५७१, महाराष्ट्राचा क्यू ११९१. तुम्ही मराठीत ‘पुणे’ लिहा, इंग्रजी संकेतस्थळ ‘पूना’ लिहो, क्रमांक एकच असला की यंत्राला वस्तू एकच कळते. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश ऑनलाइन उपलब्ध आहेत. वाद झाला की विश्वकोशातले रूप प्रमाण, असा नियम घातला तर बैठकींचा वेळ वाचतो.

यादी साध्या तक्त्यात ठेवा. रकाने : मुख्य संज्ञा, पर्यायी रूपे, व्यापक संज्ञा, संकुचित संज्ञा, संबंधित संज्ञा, टीप, विकिडेटा क्रमांक. थिसॉरसच्या आयएसओ २५९६४ या मानकातही हेच नाते आहे आणि वेबसाठी तेच नाते स्कॉस या पद्धतीने लिहिता येते, त्यामुळे पुढे मोठ्या प्रणालीत जाताना काम वाया जात नाही. एक नोंद जवळून पाहू :

मुख्य संज्ञा : रायगड (किल्ला)
पर्यायी रूपे : रायरी, किल्ले रायगड, दुर्गराज रायगड
व्यापक : गिरिदुर्ग
संबंधित : पाचाड; शिवराज्याभिषेक, १६७४
टीप : जिल्ह्यासाठी ‘रायगड (जिल्हा)’ वापरा. छत्तीसगडमधील जिल्ह्यासाठी ‘रायगढ (जिल्हा, छत्तीसगड)’.

कंस शोभेसाठी नाही. रायगड नावाचा किल्ला आहे आणि जिल्हाही आहे. एकच शब्द दोन गोष्टींना लागतो तिथे कंसातली खूण दोघांनाही द्यायची. एकाला दिली आणि दुसऱ्याला मोकळे सोडले की लोक मोकळ्या संज्ञेखाली दोन्ही टाकतात.

जिल्ह्याच्या नोंदीत पर्यायी रूप म्हणून ‘कुलाबा (जिल्हा)’ हवे, कारण १९८१ पर्यंत जिल्ह्याचे नाव तेच होते आणि जुनी गॅझेटियरे त्याच नावाने आहेत. पर्यायी रूपे पानाला लावायची नसतात. ती यादीत राहतात आणि शोधणाऱ्याला मुख्य संज्ञेकडे वळवतात. तुमच्या प्रणालीला असे वळण देता येत नसेल तर निदान पानाच्या मजकुरात एकदा जुने नाव येऊ द्या.

दिसायला सारखे, आत वेगळे

मराठीत हा भाग वगळून चालत नाही, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तो सापडत नाही. यादीत ‘ॲप’ आहे, पानावरही ‘ॲप’ आहे, तरी जुळत नाही. कारण ॲ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येते : युनिकोडमधले (संगणकाच्या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतसंचातले) स्वतंत्र ॲ, किंवा अ आणि त्यावर चंद्राची वेगळी खूण. पडद्यावर फरक दिसत नाही. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र असाच : काही कीबोर्ड ऱ, हलन्त आणि य देतात, काही साधा र, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि य देतात. युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धत यातले काही फरक मिटवते, पण हे दोन मिटवत नाही. तिसरा सापळा विसर्गाचा. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाऐवजी सर्रास अपूर्णविराम टंकला जातो. मग शोधात शब्द तुटतो तो तुटतोच.

उपाय कंटाळवाणा आहे. यादी एकाच माणसाने, एकाच कीबोर्डवर टंकावी, आणि पानाला संज्ञा देताना ती हाताने न टंकता यादीतून कॉपी करावी किंवा उतरत्या सूचीतून निवडावी. संज्ञा टंकायला मोकळा रकाना ठेवला की महिन्याभरात ‘शिवाजी महाराज’, ‘शिवाजीमहाराज’ आणि शेवटी एक रिकामी जागा असलेले ‘शिवाजी महाराज ’ अशा तीन संज्ञा तयार होतात.

जुन्या पीडीएफचे दुखणे वेगळे. युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेला मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो, आणि फाइलच्या गुणधर्मांतले शीर्षकही तसेच असते. चढवण्याआधी निदान शीर्षक आणि लेखक हे दोन गुणधर्म युनिकोडमध्ये पुन्हा भरा.

पानात कुठे लिहायचे

वाचक तीन आणि मानके तीन. ग्रंथालये व संग्रह डब्लिन कोअर वाचतात. गूगल, बिंग यांसारखी शोधयंत्रे २०११ मध्ये सुरू झालेले स्कीमा डॉट ऑर्ग वाचतात. व्हॉट्सॲप आणि फेसबुक दुवा पाठवल्यावर जे चित्र व मथळा दाखवतात तो ओपन ग्राफमधून येतो. माहिती तीच, लिहायची मात्र तीनदा; म्हणून हाताने तीन ठिकाणी भरू नका. एका तक्त्यात भरा आणि साच्यातून तिन्हीकडे जाऊ द्या. ओमेका किंवा डीस्पेस ही डिजिटल संग्रहाची सॉफ्टवेअरे वापरत असाल तर डब्लिन कोअरचे रकाने तयारच असतात. वर्डप्रेसमध्ये चांगले प्लगइन दुसरे आणि तिसरे मानक सांभाळते, डब्लिन कोअर साच्यात घालून घ्यावे लागते.

डब्लिन कोअर पानाच्या हेड भागात मेटा टॅगांतून येते. प्रत्येक टॅगचे दोन गुणधर्म : नेममध्ये घटकाचे नाव, कंटेंटमध्ये मजकूर. घटकाचे नाव ‘डीसीटर्म्स’, टिंब आणि मग ‘टायटल’, ‘सब्जेक्ट’ वगैरे, प्रत्यक्षात रोमन लहान अक्षरांत. त्याआधी ही नावे कोणत्या संचातली आहेत ते सांगणारा एक लिंक टॅग लागतो. तो विसरला तर पान चालते, पण नोंदी गोळा करणाऱ्या यंत्राला नावांचा अर्थ लागत नाही. पाच संज्ञा असतील तर सब्जेक्टचा टॅग पाचदा लिहा. एकाच टॅगात स्वल्पविराम देऊन पाची लिहिल्या की ‘शिवराज्याभिषेक, १६७४’ या एका संज्ञेचे दोन तुकडे पडतात; ‘राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ’ याचेही तसेच. तक्त्यात अनेक संज्ञा एका चौकोनात ठेवायच्या असतील तर मध्ये उभी रेघ वापरा.

हेडमध्ये सर्वांत वर अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचा टॅग हवा, पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट्सचे, त्यामुळे लांबलचक मराठी वर्णन आधी आणि अक्षरसंच नंतर अशी मांडणी झाली तर तो टॅग या मर्यादेबाहेर ढकलला जातो आणि पान प्रश्नचिन्हांनी किंवा चौकोनांनी भरू शकते.

‘कीवर्ड्स’ नावाचा जुना मेटा टॅग गूगल क्रमवारीसाठी पाहत नाही, हे त्यांनी सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. त्यात पन्नास शब्द भरून देणारा कुणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका.

स्कीमा डॉट ऑर्गसाठी जेसन-एलडी हे रूप सोपे पडते. हेडमध्ये एकच तुकडा. प्रकार ‘आर्टिकल’, त्यात हेडलाइन, ऑथर, डेटपब्लिश्ड, डेटमॉडिफाइड, इनलँग्वेज, आणि विषयासाठी ‘अबाउट’. अबाउटमध्ये रायगडाचे नाव आणि ‘सेमॲज’ म्हणून विकिडेटाचा पत्ता. नवखे लोक पानाचाच प्रकार ‘ऐतिहासिक वास्तू’ असा देतात. मग यंत्राला वाटते, वास्तूचा लेखक अमुक आणि ती गेल्या मंगळवारी प्रसिद्ध झाली. पान हा लेख. वास्तू हा त्याचा विषय.

हा तुकडा मोडतो तो बहुतेकदा दोन कारणांनी. शेवटच्या ओळीनंतर राहिलेला स्वल्पविराम, किंवा संपादकाने सरळ अवतरणचिन्हांची केलेली वाकडी अवतरणचिन्हे. मजकुराच्या संपादकात किंवा वर्डमध्ये कोड टंकू नका.

ओपन ग्राफला चार गोष्टी लागतात : शीर्षक, प्रकार, पत्ता, चित्र. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे, आणि त्याचा पत्ता संपूर्ण, संकेतस्थळाच्या नावासकट. अर्धवट पत्ता दिला की व्हॉट्सॲपवर नुसता निळा दुवा जातो.

तपासणी आणि नाव बदलले तर

पहिली दहा पाने झाली की थांबून तपासा. गूगलची रिच रिझल्ट्स चाचणी आणि स्कीमा डॉट ऑर्गचा व्हॅलिडेटर कोड तपासतात. फेसबुकचा शेअरिंग डीबगर साठवलेले जुने चित्र काढून नवे आणतो. संज्ञांची तपासणी मात्र माणसानेच करायची : दोघांना तीच पाच पाने द्या आणि एकमेकांचे न बघता संज्ञा निवडायला सांगा. जिथे उत्तरे वेगळी आली तिथे यादीतली टीप अपुरी आहे. त्या पाच पानांवर तासभर घालवला तर पुढच्या दोनशे पानांचा त्रास वाचतो.

दर तिमाहीला यादीत प्रत्येक संज्ञेखाली किती पाने आहेत ते मोजा. एकच पान असलेल्या संज्ञा बघून घ्या, त्यांत टंकनचुका निघतात. पन्नासच्या वर पाने असलेल्या संज्ञा फोडता येतात का ते पाहा.

आणि नावे बदलतात. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. अशा वेळी शोधा-आणि-बदला करून सगळ्या पानांवरचा जुना शब्द पुसू नका. १९५० च्या कागदपत्राच्या शीर्षकात ‘औरंगाबाद’ असेल तर ते तसेच राहायला हवे. यादीत नवे नाव मुख्य संज्ञा करा, जुने पर्यायी रूपांत हलवा, टिपेत बदलाचे वर्ष लिहा, विकिडेटा क्रमांक तोच ठेवा. मग पानांच्या फक्त विषयाच्या रकान्यात नवी संज्ञा लावा. निव्वळ संज्ञा बदलली म्हणून पानाचा सुधारणा-दिनांक बदलू नका; तो मजकूर बदलल्यावरच. जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या वेळी पानात परिच्छेद वाढला असेल, तर दिनांकही बदलायचा. आणि तो परिच्छेद पानाच्या वीस टक्क्यांहून कमी असेल, तर ‘जागतिक वारसा स्थळे’ ही संज्ञा या पानाला लावायची नाही. ती बारा किल्ल्यांच्या एकत्रित पानाला लावायची.